चढ, धाप आणि ‘गॅस’

गेल्या महिन्यात आमच्या गावातले एक सेवानिवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय बासष्ट, रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी प्रकृती ठणठणीत. त्यांची मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये मँचेस्टरला असतात. उन्हाळ्यात दोन महिने तिकडे जायचे ठरले होते. जावयाने फोनवर सांगितले होते, “बाबा, तुम्ही या तर खरे, तुम्हाला सायकलवरून इथले डोंगर दाखवतो.” गुरुजींनी नोकरीची तीस वर्षे सायकलवरच शाळा गाठलेली, त्यामुळे मन तयार होते. पण चढाचे काय? “डॉक्टर, जमेल का हो मला?” असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न दोन मिनिटांत उत्तर देऊन संपण्यासारखा नव्हता. त्याला कारण माझा स्वतःचा अनुभव. आज गुरुजींच्या परवानगीने त्यांचा प्रश्न आणि माझ्या मनाच्या परवानगीने माझी चूक, दोन्ही वाचकांपुढे ठेवतो. परदेशी जाणारी मुलेबाळे आता घरोघरी आहेत, त्यांच्याकडे जाणारे आईवडीलही वाढले आहेत. आणि जे कुठेच जाणार नाहीत त्यांनाही घराचा जिना आहेच.

२०२४ च्या मे महिन्यात मी माझ्या भाच्याकडे शेफिल्डला गेलो होतो. शेफिल्ड हे इंग्लंडच्या मध्यभागाच्या उत्तरेकडचे, पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. ते टेकड्यांवरच वसले आहे. शहराला लागून ‘पीक डिस्ट्रिक्ट’ नावाचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. हिरवी कुरणे, दगडावर दगड रचून चुन्याशिवाय बांधलेल्या भिंती, त्यांत चरणाऱ्या मेंढ्या आणि मधून जाणारे अरुंद रस्ते. शनिवार-रविवारी त्या रस्त्यांवर सायकलवाल्यांची रांग लागते. त्यांत वीस वर्षांची पोरे असतात तसे सत्तरीचे आजोबाही असतात.

आपल्याला वाटते, इंग्लंडचे डोंगर ते काय? उंचीच्या बाबतीत हे खरेच आहे. इंग्लंडचे सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरचे, आपले कळसूबाई १६४६ मीटर. पण सायकलवाल्याला उंची त्रास देत नाही, चढाची तीव्रता त्रास देते. आपल्या घाटांतले मोठे रस्ते वळणे घेत घेत, बेताबेताने चढवलेले आहेत. तिकडचे खेड्यांतले कित्येक रस्ते मात्र जुन्या काळी लादलेल्या घोड्यांच्या पायवाटांवरून आले आहेत. ते वळणे न घेता सरळ टेकडीवर चढतात. अंतर कमी, पण दम काढणारे.

चढ किती, हे तिकडे रस्त्याच्या पाटीवर टक्क्यांत लिहिलेले असते. वीस टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर वर. जुन्या पद्धतीत यालाच ‘पाचाला एक’ म्हणत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या नकाशांत तर रस्त्यावरच बाणाची खूण असते. एक बाण म्हणजे चढ १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे २० टक्क्यांच्या वर. बाणाचे टोक उताराकडे असते. नकाशा पाहिला की कुठे घाम फुटणार ते घरबसल्या कळते.

आता १४ हा आकडा वाचून मला वेगळेच काही आठवले. हृदयरोगाची तपासणी करताना आपण रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवतो. ती ट्रेडमिल टेस्ट, म्हणजेच टीएमटी, बहुतेक ठिकाणी अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीने होते. १९६३ साली त्यांनी ती मांडली. पहिली तीन मिनिटे पट्ट्याचा चढ १० टक्के, पुढची तीन मिनिटे १२, तिसऱ्या टप्प्यात १४, चौथ्यात १६. वेगही वाढत जातो. सोबत कार्डिओग्राम चालू असतो आणि डॉक्टर शेजारी उभे असतात. पट्ट्यावर चालणे आणि सायकल मारणे यांत फरक आहे, आकड्याला आकडा जुळवता येणार नाही. पण शरीराच्या दृष्टीने मुद्दा एकच. चढ वाढला की स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, तो पुरवायला हृदयाला जास्त काम करावे लागते, आणि त्या वेळी हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त कमी पडत असेल तर ते उघड होते. सपाटीवर झाकलेले दुखणे चढावर बाहेर येते.

याचा अर्थ चढ वाईट, असे मात्र नाही. इंग्लंडमध्येच जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर तिकिटे फाडत जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. पुढे मॉरिस यांनी गणवेशाच्या मापांवरून हेही दाखवले की ड्रायव्हर मंडळी नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेने जाड होती. तेव्हा सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही, रोजची चढ-उतार हृदयाला मानवते, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी पक्के केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. सायकल त्यासाठी उत्तम, आणि गुडघ्यांवर शरीराचा पूर्ण भार पडत नसल्याने पन्नाशीनंतर तर अधिकच.

तेव्हा प्रश्न चढावे की नाही हा नसून, आपल्यासाठी कोणता चढ, हा आहे. माझ्या मते तिकडच्या वाटांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग : जुन्या रेल्वेच्या वाटा. विसाव्या शतकात तिकडचे बरेच रेल्वेमार्ग बंद झाले. रूळ काढले आणि त्या पट्ट्यांवर पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी वाटा झाल्या. रेल्वेच्या इंजिनाला तीव्र चढ मानवत नाही. आपल्या बोरघाटात ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास चढ आहे, तर गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. इंजिनाला जो चढ सोसतो तो आपल्या हृदयालाही सहसा सोसतो, हे सोपे गणित. ॲशबोर्नहून निघणारी टिसिंग्टन ट्रेल २१ किलोमीटरची आहे. बेकवेलजवळची मॉन्सल ट्रेल सुमारे चौदा किलोमीटरची. तिथली रेल्वे १९६८ साली बंद झाली आणि २०११ पासून मार्गातले बोगदे सायकलींसाठी खुले झाले. दरीवरच्या उंच पुलावरून सायकल जाते तेव्हा खाली नदी दिसते आणि मोटारीची धास्ती अजिबात नसते. एक अपवाद ध्यानात ठेवावा. हाय पीक ट्रेल ही २८ किलोमीटरची वाटही रेल्वेचीच, पण तिच्यावर काही ठिकाणी एवढा चढ होता की डबे इंजिनाने न ओढता, वर बसवलेल्या वाफेच्या यंत्राने दोराने खेचत. मिडलटन येथे १८२९ सालचे तसे यंत्र अजून जपून ठेवले आहे. त्या तुकड्यावर खुशाल उतरून चालावे.

दुसरा वर्ग : खेड्यांना जोडणारे अरुंद रस्ते. यांवर चढ-उतार एकामागून एक येतात. दोन्ही बाजूंना भिंती किंवा उंच झुडपे असल्याने वळणापलीकडचे दिसत नाही. मेंढ्या रस्त्यावर येतात. रहदारी आपल्यासारखीच डावीकडून, तेवढी सोय. रोज सायकल किंवा भरभर चालणे असलेल्याने, गिअरची सायकल घेऊन, थांबत थांबत जावे.

तिसरा वर्ग : खिंडी. पीक डिस्ट्रिक्टमध्ये कॅसलटन गावाजवळची विनॅट्स खिंड प्रसिद्ध आहे. उभ्या चुनखडीच्या कड्यांमधून रस्ता जातो आणि चढ २० टक्क्यांपर्यंत आहे. या चढाला कंटाळून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या कुशीतून सौम्य चढाचा नवा रस्ता केला होता. पण तो डोंगर सतत घसरणारा. डागडुजी करून करून थकले आणि १९७९ साली तो रस्ता मोटारींसाठी कायमचा बंद केला. पुन्हा जुनी खिंडच नशिबी आली! आणखी उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीत चढ ३३ टक्क्यांपर्यंत जातो. ट्रेडमिलचे सातही टप्पे संपले तरी पट्टा २२ टक्क्यांवर असतो. तेव्हा ही खिंड कोणासाठी आहे ते वेगळे सांगायला नको.

या तिन्हींचा मेळ असलेली एक वाट म्हणजे ‘सी टू सी’. १९९४ साली सुरू झालेली ही वाट पश्चिम किनाऱ्यावरून निघून डोंगर ओलांडत पूर्व किनाऱ्याला पोचते. अंतर सुमारे २२५ किलोमीटर. मागचे चाक एका समुद्रात भिजवून निघायचे आणि पुढचे चाक दुसऱ्या समुद्रात भिजवायचे, असा रिवाज आहे. वारा बहुतेक पश्चिमेचा असल्याने लोक पश्चिमेकडूनच निघतात, म्हणजे तो पाठीवर राहतो. तीन-चार दिवसांत ही वाट करणारे पुष्कळ.

आता माझी गोष्ट. आम्ही मॉन्सल ट्रेलवर गेलो. एका जुन्या स्टेशनात भाड्याने सायकली घेतल्या. जाताना काहीच त्रास नाही, मी भाच्याशी गप्पा मारत होतो. परत येताना मला ऊर्मी आली. दरीच्या माथ्यावर मॉन्सल हेड नावाची जागा आहे, तिथून सगळा देखावा दिसतो. नदीकाठून वर जाणारा रस्ता एक किलोमीटरसुद्धा नाही, पण पन्नासहून जास्त मीटर चढतो, म्हणजे पंधरा मजल्यांहून अधिक. दर शरद ऋतूत तिथे फक्त चढ चढण्याची सायकल शर्यत होते. कसलेले गडी दीड मिनिटाच्या आत वर पोचतात. भाचा म्हणाला, “मामा, आपण चालत वर जाऊ.” मी म्हणालो, “अरे, आम्ही लहानपणी चोवीस इंची सायकलवर डबलसीट टेकडी चढायचो.”

निम्मा चढ झाला असेल. छातीच्या मधोमध कोणी तळहात दाबून धरावा तसे झाले. ते दडपण घशात, मग जबड्यात गेले. मी उतरलो आणि सायकलच्या हँडलवर डोके टेकून उभा राहिलो. मागून एक आजीबाई, सत्तरीच्या पुढच्या, शांतपणे सायकल हातात धरून चालत आल्या. माझ्याकडे पाहून थांबल्या, बरे आहे ना म्हणून विचारले आणि म्हणाल्या, “मी तर इथे दर वेळी उतरतेच. टेकडी काही पळून जात नाही.” पाच मिनिटांत माझे दडपण गेले. भाच्याला मी सांगितले, “काही नाही रे, गॅस झालाय. सकाळचा ब्रेड बाधला.”

वाचकहो, हे वाक्य मी तीस वर्षे रुग्णांच्या तोंडून ऐकत आलो आहे. प्रत्येकाला मी रागावलो आहे. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तेच वाक्य माझ्या तोंडून आले. खरे सांगायचे तर ते पहिल्यांदा नव्हते. इथे घरी दुसऱ्या मजल्याचा जिना भरभर चढल्यावर दोन-तीन महिने घशाशी काहीतरी दाटल्यासारखे होत होते. मी आम्लपित्ताची गोळी घेत होतो. माझा रक्तदाब सहा वर्षांपासूनचा, वडिलांना हृदयविकार. दुसऱ्या कोणाची ही माहिती माझ्यासमोर आली असती तर मी त्याच दिवशी कार्डिओग्राम काढून तज्ज्ञाकडे पाठवले असते.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे भाच्याला खरे सांगितले. तो मला तडक रुग्णालयात घेऊन गेला. कार्डिओग्राम आणि रक्ततपासणीत झटका आलेला नव्हता. औषधे आणि जिभेखाली ठेवायची गोळी दिली गेली. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तज्ज्ञ मित्राने टीएमटी केली. तिसऱ्या टप्प्यात, १४ टक्के चढावर, कार्डिओग्राम बदलला आणि तेच दडपण आले. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. स्टेंट बसला. आज मी रोज सकाळी बारा किलोमीटर सायकल चालवतो, आणि हा लेख लिहायला शिल्लक आहे! पण त्या टेकडीवर पाच मिनिटांत दडपण गेले नसते तर काय, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. श्रम केल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे दडपण, जळजळ, घशाशी दाटणे, जबडा किंवा हात दुखणे हे अन्यथा सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच समजावे. गॅस जिना ओळखत नाही. मधुमेही व्यक्तींना आणि काही स्त्रियांना दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे होते. विश्रांतीने न थांबणारे, किंवा बसल्या जागी आलेले दडपण असेल तर स्वतः वाहन चालवत जाऊ नका. आपल्याकडे १०८ आणि इंग्लंडमध्ये ९९९ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

२. चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असलेल्या माणसाने असा प्रवास ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. टीएमटी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. ती चांगली आली म्हणजे जन्मभराचा दाखला मिळाला, असेही नाही.

३. चढताना बोलून पाहा. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गिअर हलका करा किंवा उतरा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, त्यामुळे अशांनी मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नये.

४. जड गिअर रेटत चढल्याने गुडघे दुखतात. हलका गिअर लावून पाय भरभर फिरवावेत. सीटची उंची अशी हवी की पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होईल.

५. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर, गोळ्या-चॉकलेट ठेवावे आणि उपाशीपोटी निघू नये. औषधाच्या मात्रेबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे.

६. चढाइतकाच उतार जपावा. इंग्लंडमध्ये १८७८ साली स्थापन झालेल्या सायकल प्रवाशांच्या संघटनेने मोटारींच्या आधीच्या काळात टेकड्यांवर सावधानतेच्या पाट्या लावल्या होत्या, त्या उतारासाठी. दोन्ही ब्रेक सोडत-धरत वापरावेत, डोक्याला हेल्मेट असावे. घामाने भिजलेल्या अंगाला उतारावर गार वारा लागतो. वर पोचल्यावर जाकीट घालूनच खाली निघावे.

७. सोबत्यापासून त्रास लपवू नये. मी लपवला, आणि सगळ्यांत मोठी चूक तीच होती.

गुरुजींची टीएमटी झाली. ते चौथ्या टप्प्यापर्यंत गेले, कार्डिओग्राम स्वच्छ. मी त्यांना एका कागदावर लिहून दिले : पहिले दोन आठवडे टिसिंग्टन आणि मॉन्सल, म्हणजे रेल्वेच्या वाटा. मग सवय झाली तर जावयाबरोबर खेड्यांचे रस्ते, नकाशात एकही बाण नसलेले. विनॅट्स खिंड मोटारीतून पाहावी, किंवा सायकल हातात धरून. कागद घडी करून खिशात घालताना त्यांनी विचारले, “आणि ते मॉन्सल हेड?”

मी म्हणालो, “तिथे उतरून चालत जा, गुरुजी. मीही पुढच्या वेळी चालतच जाणार आहे.”